समुद्राने पुळण खाल्ली तर सरकारी निधी कसा मागायचा: पुण्यातून गावासाठी पाठपुरावा करणाऱ्यांना

गणपतीला किनाऱ्यावरच्या गावी जाऊन आलेली माणसं परतली, की कोथरूड, वारजे, धायरीतल्या ग्रामविकास मंडळांच्या बैठकांत एक विषय निघतोच: यंदा समुद्र किती आत आला. कोणाची माडाची रांग गेली, कोणाच्या अंगणाची गडग्याची भिंत गेली, स्मशानाकडचा रस्ता तुटला. मग ठरतं की निवेदन द्यायचं. निवेदन जातं, पोच मिळते, फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो आणि पुढच्या उधाणापर्यंत पुढे काही हलत नाही. हे काम ज्यांनी पहिल्यांदाच अंगावर घेतलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणं कोकणातली आहेत, पण दापोलीजवळचं खेडं असो, मालवण-वेंगुर्ल्यासारखी नगरपरिषद असो की मुंबई महापालिका, पैशाच्या वाटा बऱ्याच अंशी त्याच आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. तातडीचा पैसा आणि कायमच्या कामाचा पैसा हे दोन वेगळे पैसे आहेत. त्यांचं खातं वेगळं, निकष वेगळे, सही करणारे अधिकारी वेगळे. 'तातडीने धूपप्रतिबंधक बंधारा बांधून मिळावा' हे आपल्या निवेदनांतलं नेहमीचं वाक्य, आणि गाडी याच वाक्यावर अडते. तहसील कार्यालय म्हणतं बंधारा आमच्याकडे नाही. बंधारा बांधणारा विभाग म्हणतो, यंदाच्या आराखड्यात हे काम नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात दोन फायली करा: एक 'आत्ता जीव आणि घरं वाचवा' अशी, दुसरी 'किनारा टिकवा' अशी. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आधी मोजा

धूप किती झाली हे आकड्यात सांगता आलं नाही तर दोन्ही फायली कमजोर राहतात. आणि मोजताना एक खोच आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून समुद्रात थोड्या अंतरावर नेऊन टाकतात आणि दिवाळीनंतरचा शांत समुद्र त्यातली बरीच वाळू हळूहळू परत आणतो. त्यामुळे ऑगस्टमधला फोटो पाहून कनिष्ठ अभियंता म्हणतो, 'हे दरवर्षीचंच आहे', आणि त्याला खोडून काढायला आपल्याकडे काही नसतं. तुलना मे महिन्याची मे महिन्याशी करा. वाळू परत येऊन स्थिरावल्यावरही किनारा मागे सरकलेला दिसला, तर ती खरी धूप.

पद्धत साधी आहे. गावात न हलणारी एक खूण निवडा: देवळाच्या दीपमाळेचा चौथरा, शाळेच्या इमारतीचा कोपरा, जुन्या विहिरीचा कठडा. तिथून किनाऱ्याला काटकोनात टेप धरून लाटांनी कापलेल्या दरडीच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. फोटोत टेपवरचा आकडा वाचता आला पाहिजे आणि खूणही दिसली पाहिजे. मोबाइलमध्ये फोटोवर स्थान आणि तारीख उमटण्याची सोय चालू ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर एकदा आणि भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत एकदा, असं मोजमाप गावातला कोणीही करू शकतो. दहावीतल्या मुलांनीही हे उत्तम केलेलं मी पाहिलं आहे. अशा तीन-चार खुणा किनाऱ्याच्या वेगवेगळ्या टोकांना असाव्यात. एका टोकाला धूप आणि दुसऱ्या टोकाला भर दिसली, तर वाळू कुठून कुठे जाते आहे ते कळतं.

जुना पुरावा पुण्यात बसून गोळा होतो. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रहचित्रं उघडता येतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे मागवता येतात. गावचा गट नकाशा आणि समुद्रकडेच्या गटांचे जुने सातबारा भूमी अभिलेखाकडून काढून ठेवा. ज्या गटाचं क्षेत्र कागदावर आहे आणि जागेवर पाणी आहे, तो गट म्हणजे तुमचा सर्वांत बोलका पुरावा. विहिरी मचूळ झाल्या असतील तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे; त्यांच्या जिल्हा कार्यालयाकडून पाण्याची तपासणी करून घ्या.

कारणही शोधा. शेजारी नवी जेटी किंवा लाटरोधक भिंत झाली का? खाडीच्या तोंडाशी रेतीचा उपसा चालू आहे का? वाळूच्या टेकड्या सपाट करून हॉटेलं झाली का? बंदर किंवा मोठ्या जेटीला पर्यावरण मंजुरी देताना किनारपट्टीतल्या बदलांवर लक्ष ठेवण्याची अट अनेकदा घातलेली असते. मंजुरीपत्र आणि अटींच्या पालनाचे सहामाही अहवाल केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर शोधा. तशी अट सापडली तर खर्चाचा काही भार त्या प्रकल्पावर टाकण्याची मागणी करता येते, आणि ती जरूर करा.

राष्ट्रीय चित्र फाईलच्या पहिल्या पानावर दोन ओळींत द्या. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास केला. त्यात देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे ३३.६ टक्के किनारा धुपताना आढळला. महाराष्ट्राच्या सुमारे ७४० किलोमीटरपैकी जवळपास चौथा हिस्सा. एवढं पुरे. बाकी जागा आपल्या टेपच्या आकड्यांना द्या.

पहिली फाईल: तातडीची

ही जाते जिल्हाधिकाऱ्यांकडे, कारण आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतला. महाराष्ट्रासारख्या राज्यांत या निधीत ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे असतात.

इथे शब्द फार जपून वापरावे लागतात. केंद्राने या निधीसाठी अधिसूचित केलेल्या बारा आपत्तींत चक्रीवादळ आहे, पूर आहे, त्सुनामी आहे. समुद्राने होणारी धूप नाही. राज्यांना निधीचा दहा टक्क्यांपर्यंतचा भाग स्वतः जाहीर केलेल्या स्थानिक आपत्तींसाठी वापरता येतो. केरळने त्यात किनाऱ्याची धूप घेतली आहे. आपल्या राज्याने समुद्राचं उधाण घेतलं आहे. म्हणून अर्जात 'गेली दहा वर्षं धूप होत आहे' असं लिहिलंत तर तो अर्ज या निधीत बसवणं अधिकाऱ्याला अवघड जातं. 'अमुक तारखेच्या उधाणात अमुक घरांचा पाया उघडा पडला, रस्ता इतके मीटर तुटला' असं लिहिलंत तर बसतो. तारीख हवी, घटना हवी. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला अलिबागजवळ धडकलं, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्यालगत गेलं; अशा नाव असलेल्या घटनांनंतर पंचनामे लगेच होतात. नाव नसलेल्या उधाणाचा पंचनामा आपल्याला मागून घ्यावा लागतो.

पंचनामा म्हणजे या फाईलचा कणा. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांना त्याच दिवशी फोन आणि लेखी अर्ज दोन्ही करा. पंचनाम्यात नुकसान मीटरमध्ये यावं, मालमत्ता क्रमांक यावा, आणि 'धोका कायम आहे' हे वाक्य यावं. शेवटच्या वाक्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, पण पुढची प्रतिबंधक कारवाई त्याच्याच आधारावर मागता येते.

या पैशातून काय होतं? धोक्यातल्या कुटुंबांचं स्थलांतर, तुटलेल्या रस्त्याची आणि नळयोजनेची तात्पुरती दुरुस्ती, वाळूने भरलेल्या पिशव्यांची रांग. बचाव आणि मदतीसाठी लगेच साहित्य घ्यावं लागलं तर निविदेची नेहमीची पद्धत बाजूला ठेवण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम ५० मध्ये आहे. पैसे आहेत पण निविदेला वेळ लागेल, असं उत्तर मिळालं तर या कलमाचा उल्लेख करा. मात्र ते बचाव आणि मदतीपुरतंच आहे. त्याच्या आधाराने दगडी भिंत मागू नका.

घरांच्या भरपाईबद्दल लोकांना खरी माहिती द्या, खोटी आशा लावू नका. २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत सपाट प्रदेशातल्या पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये होते. जमीन वाहून गेल्याची मदत, अल्प आणि अत्यल्प भूधारकांना हेक्टरी ४७ हजार, ही दरड, हिमस्खलन किंवा नदीचं पात्र बदलल्यामुळे गेलेल्या जमिनीसाठी होती. समुद्राने गिळलेल्या जमिनीचा त्यात उल्लेखच नव्हता. मला हे फार अन्यायाचं वाटतं. नदीने नेलेली जमीन आणि समुद्राने नेलेली जमीन यांत त्या कुटुंबाच्या दृष्टीने काहीच फरक नाही. ग्रामसभेच्या ठरावात ही मागणी वेगळा मुद्दा म्हणून लिहा आणि आमदार-खासदारांना दिलेल्या प्रत्येक पत्रात ती ठेवा.

दुसरी फाईल: कायमच्या कामाची

आधी काम कोणाचं ते ओळखा. उघड्या समुद्राकडचे धूपप्रतिबंधक बंधारे पतन विभाग आणि महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जातात. खाडीकाठची भातशेती खाऱ्या पाण्यापासून वाचवणारी बंदिस्ती खारभूमी विकास विभागाकडे. सुरूचं बन वन खात्याच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या अखत्यारीत, खारफुटी कांदळवन कक्षाकडे. गावाला एकाच वेळी दोन विभागांची गरज असू शकते. एकच पत्र सगळ्यांना प्रत म्हणून पाठवण्यापेक्षा प्रत्येकाला त्याच्या कामापुरतं वेगळं पत्र द्या.

पैशाच्या वाटा अनेक आहेत, पण एका गावाच्या आवाक्यातल्या थोड्याच. माझ्या मते सुरुवात जिल्हा वार्षिक योजनेपासून करावी. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात ठरतो. म्हणून प्रस्ताव ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत संबंधित विभागाच्या यादीत शिरला पाहिजे. मार्चमध्ये धावपळ करून फक्त उरलेला निधी हाती लागतो. मोठ्या कामासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात किंवा पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांत काम घेता येतं. तो रस्ता आमदारांमार्फत.

दुसरी वाट आपत्ती सौम्यीकरण निधीची. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी आपत्तीच्या एकूण पैशातला वीस टक्के हिस्सा सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी वेगळा काढला. त्याच आयोगाने नदी आणि समुद्राच्या धुपीसाठी राष्ट्रीय पातळीवर २,५०० कोटींची शिफारस केली: १,५०० कोटी धूप रोखण्याच्या कामांना, १,००० कोटी विस्थापितांच्या पुनर्वसनाला. धुपीसाठी असा वेगळा आकडा ठेवला जाणं ही किनाऱ्यासाठी मोठी गोष्ट होती. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो, त्यामुळे प्रस्ताव लिहिताना चालू मार्गदर्शक सूचनांचा क्रमांक आणि तारीख टाका. जुन्या सूचनांवर लिहिलेला प्रस्ताव परत येतो. प्रस्ताव जिल्हा प्राधिकरणाकडून राज्याकडे आणि तिथून केंद्राकडे जातो.

केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाचा पूर व्यवस्थापन आणि सीमाक्षेत्र कार्यक्रम समुद्रधूप रोखणाऱ्या कामांनाही लागू आहे. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या स्वरूपात सर्वसाधारण राज्यांना केंद्राचा वाटा ६० टक्के होता. ही वाट मोठ्या, अनेक गावांच्या एकत्रित प्रकल्पांची. तसंच परदेशी कर्जाचं. आशियाई विकास बँकेने रत्नागिरीजवळच्या मिऱ्या किनाऱ्याच्या कामाला पूर्वी कर्ज दिलं होतं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या किनारा संरक्षणासाठी ४.२ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला. काम सागरी मंडळाकडे. आपला किनारा अशा प्रकल्पाच्या यादीत आहे का, एवढं मंडळाला लेखी विचारा. खारफुटी आणि उपजीविकेसाठी हरित हवामान निधीचा प्रकल्प सिंधुदुर्गात आहे. खासदार निधी वर्षाला पाच कोटी, तोही संपूर्ण मतदारसंघासाठी. त्यातून एखादी पाखाडी किंवा संरक्षक कठडा होईल, किनारा वाचणार नाही.

खडकवासल्याचं दार

पुण्यात राहण्याचा एक फायदा असा की या विषयातली देशातली एक जुनी संस्था सिंहगड रस्त्याला धरणाजवळच आहे. केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून काम करतं आहे. बंदरांची आणि किनाऱ्यांची छोटी प्रतिरूपं तयार करून लाटा आणि वाळूची हालचाल तिथे तपासली जाते, संगणकावरही. दगड किती वजनाचा हवा, भिंतीचा पाया किती खोल हवा, हे त्या अभ्यासातून ठरतं.

पण तिथे गावाने थेट अर्ज करून उपयोग नाही. अभ्यास संबंधित विभागाने शुल्क भरून मागवायचा असतो. म्हणून दुसऱ्या फाईलची पहिली मागणी बंधाऱ्याची नकोच. 'या किनाऱ्याचा तांत्रिक अभ्यास करून उपाय सुचवण्यासाठी निधी मंजूर करावा' अशी ठेवा. अभ्यासाची रक्कम बंधाऱ्याच्या मानाने लहान असते, लवकर मंजूर होते, आणि एकदा अहवाल हातात आला की पुढच्या प्रत्येक टेबलावर तोच बोलतो.

अभ्यासाचा आग्रह धरण्याचं आणखी एक कारण आहे. उभी भिंत लाटेला परत फेकते, भिंतीच्या पायाशी वाळू खणली जाते, पुळण खाली जाते. भिंत जिथे संपते तिथून पुढचा किनारा जास्त वेगाने कापला जातो. म्हणजे आपण बंधारा मिळवला आणि शेजारच्या वाडीची घरं गेली, असं होऊ शकतं. अशी वेळ येऊ नये म्हणून खाडीपासून डोंगराच्या नाकापर्यंतच्या सगळ्या ग्रामपंचायतींचा एकत्र ठराव करा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांना पुण्या-मुंबईचे लोक गावी असतात. त्या तारखा धरा. शहरात असाल तर नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव. पर्याय खुले ठेवा: ओडिशात केंद्रपाड्याच्या पेंठा किनाऱ्यावर ५०५ मीटर लांबीचा बांध वाळू भरलेल्या मोठ्या नळ्यांचा केला आहे. काही ठिकाणी पाण्याखालचा कृत्रिम खडक, काही ठिकाणी वाळूभरण आणि मागे सुरू-माडाचा पट्टा पुरतो.

सीआरझेडची परवानगी

२०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेत धूप रोखण्याच्या कामांना जागा आहे, पण परवानगीशिवाय नाही. प्रस्ताव महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणापुढे जातो. सोबत मान्यताप्राप्त संस्थेने केलेला १:४००० प्रमाणाचा नकाशा लागतो, त्यात भरतीरेषा दाखवलेली असते. हा नकाशा वेळखाऊ आहे. त्याचा खर्च अभ्यासाच्या निधीतच धरायला सांगा.

परवानगी नंतर बघू, असं कोणी म्हणालं तर थांबवा. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच बसतं, आणि किनाऱ्यावरच्या भिंतींचे वाद तिथे येतात. मुंबईच्या आक्सा किनाऱ्यावरच्या भिंतीचा वाद लवादापुढे गेला होता. मंजूर झालेला पैसा अशा खटल्यात अडकला की गावाचे पावसाळे वाया जातात.

अंदाजपत्रक वाचा

मंजुरीच्या आधी अंदाजपत्रकाची प्रत मागा. मंडळात एखादा निवृत्त बांधकाम अभियंता असतोच, त्याला बसवा. आधी दगडाचं वजन पाहा: बाहेरच्या थरातल्या दगडाचं वजन किलोत दिलं आहे का, की फक्त 'मोठे दगड' लिहिलं आहे? मग गाळणी कापड: दगडाच्या खाली जिओटेक्स्टाइल नसेल तर मागची माती फटींतून निघून जाते आणि बंधारा बसतो. पायाची खोली खणल्या जाणाऱ्या वाळूच्या खाली जाते का? दोन्ही टोकं किनाऱ्यात वळवून बंद केली आहेत का? देखभालीसाठी रक्कम आहे का? टोकं आणि देखभाल यांची ओळ बहुतेक वेळा नसते, आणि बंधारे मुख्यतः याच दोन कारणांनी जातात.

तारखांचा हिशोब उलटा करा. समुद्रकडेचं काम साधारण नोव्हेंबर ते मे एवढंच चालतं. म्हणजे कार्यारंभ आदेश डिसेंबरपर्यंत हवा, निविदा ऑक्टोबरमध्ये, तांत्रिक मान्यता त्याआधी, प्रशासकीय मान्यता त्याच्याही आधी. आदेश मार्चमध्ये निघाला तर अर्धवट, उघड्या टोकांचा बंधारा पावसाळ्याला सामोरा जाऊ देऊ नका. तेवढी लांबी कमी करून टोकं बंद करून घ्या, उरलेलं पुढच्या हंगामात.

पाठपुरावा

प्रत्येक पत्राचा आवक क्रमांक आणि तारीख एका वहीत. दर पंधरा दिवसांनी त्याच टेबलावर फोन. 'आमच्या कामाचं काय झालं' असं विचारू नका. 'अमुक क्रमांकाची फाईल तांत्रिक मान्यतेसाठी कोणत्या तारखेला पुढे गेली' असं विचारा. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, आणि नेमके कागद मागा: पंचनामा, स्थळपाहणी अहवाल, अंदाजपत्रक, टिपणी. टिपणीवर फाईल कोणत्या शेऱ्याने थांबली ते दिसतं, आणि पुढचं पत्र त्या शेऱ्याला उत्तर म्हणून लिहायचं.

काम झाल्यावर ठेकेदारावर ठरावीक काळ दोषदुरुस्तीची जबाबदारी असते. तिची शेवटची तारीख करारनाम्यात पाहून वहीत लिहा. टेपची मोजमापं चालूच ठेवा, विशेषतः बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांपलीकडे, शेजारच्या वाडीच्या हद्दीत. दगड सरकले किंवा टोकाशी नवी दरड पडली तर ती तारीख उलटण्याआधी फोटोसह लेखी कळवा आणि प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवा.